मधलं म्युझिक

जगातली सर्वांत थोर गिटार कोणी वाजवली, या प्रश्नाचा निकाल बीडमध्ये, माळीवेशीच्या अलीकडे, वरात अडकून पडलेली असताना लागेल असं मला कोणी आधी सांगितलं असतं, तर मी त्याला सावलीत बसवून गार पाणी दिलं असतं. पण तो लागला. आमच्यापुरता तरी लागला.

सुरुवात माझ्या भाच्यामुळे झाली. भाचा पुण्याला संगणकाचं काहीतरी करतो. काय करतो ते त्यानं मला तीनदा समजावून सांगितलंय आणि तिन्ही वेळा मी मान हलवलीय. डिसेंबरात शेजारच्या घरी लग्न होतं, त्यासाठी तो आला, तोही रेल्वेनं. बीडला रेल्वे आली 2025च्या 17 सप्टेंबरला. तिची वाट बघण्यात आमच्या घरातल्या तीन पिढ्या खर्ची पडल्या. त्यामुळे पाहुणा रेल्वेनं आला याचंच मला इतकं अप्रूप की तो बोलतोय काय याकडे माझं लक्ष नव्हतं.

"मामा, तुमच्या मते जगातली सगळ्यात ग्रेट सोलो कुठली?"

आमच्याकडे सोलतात ते मटार, नाहीतर माणूस. मी तसं म्हणालो. भाच्यानं कानातली बोंडं काढली (म्हणजे प्रकरण गंभीर होतं) आणि मला समजावलं. रॉक संगीतात गाणारा मध्येच थांबतो. मग गिटारवाला पुढे येतो आणि एकटाच वाजवतो. ती सोलो.

"म्हणजे मधलं म्युझिक," मी म्हणालो.

आम्ही त्याला मधलं म्युझिकच म्हणत आलो. गाणं दोन कडव्यांचं असतं आणि मध्ये म्युझिक असतं. नायिकेला साडी बदलायला आणि नायकाला काश्मीरहून उटीला जायला जो वेळ लागतो, त्या वेळात ते वाजतं. त्याची कोणी यादी करील, तिच्यावरून भांडेल, हे भाच्याला नवीन वाटलं असेल; मला मुळीच वाटलं नाही. भाच्याच्या जन्माआधी वीस वर्षं मी त्यावरून एकाशी अबोला धरून बसलो होतो. पण ते पुढे.

भाच्यानं मोबाइलवर दहा जणांची यादी काढली. ती वाचताना त्याचा चेहरा जोशीबुवांचा पंचांग वाचताना होतो तसा झाला. मग एकेक गाणं वाजवून दाखवलं. मी खोटं सांगणार नाही, ऐकण्यासारखं होतं. 1971 सालचं लेड झेपेलिनचं 'स्टेअरवे टू हेवन' आठ मिनिटांचं आहे, आणि जिमी पेजची गिटार मोकळी सुटते ती सहाव्या मिनिटाच्या सुमाराला. तोवर नुसती पानं मांडणं, मीठ वाढणं, चटणी वाढणं चालतं. आणि मग जो वाढपी येतो तो कोणाचं ऐकत नाही. 'हॉटेल कॅलिफोर्निया' 1976चं. त्यात गाणं म्हणून जे आहे ते संपून जातं, आणि नंतर डॉन फेल्डर आणि जो वॉल्श या दोघांच्या गिटारी दोन मिनिटं बोलत बसतात. पाहुणे गेल्यावर ओट्यावर घरच्यांचं खरं बोलणं सुरू होतं ना, तसं. जिमी हेंड्रिक्सनं 1969च्या ऑगस्टमध्ये वुडस्टॉकला अमेरिकेचं राष्ट्रगीत गिटारीवर वाजवलं आणि त्यात बाँब पडल्याचे आवाज काढले. तेही सकाळी, निम्म्याहून जास्त गर्दी घरी गेल्यावर. हे मला पटलं. आमच्याकडेही खरा भजनी पहाटेच तोंड उघडतो, जेव्हा मंडपात तो, पेटीवाला आणि झोपलेली चार पोरं एवढेच उरलेले असतात.

पिंक फ्लॉइडच्या 'कम्फर्टेबली नम'ला (1979) भाच्यानं पहिला नंबर दिला होता. डेव्हिड गिलमोरनं शेवटचा तुकडा पाच-सहा वेळा निरनिराळा वाजवला आणि त्यातले चांगले चांगले भाग जोडून एक केला, असं भाच्यानं सांगितलं.

"म्हणजे गोधडी," मी म्हणालो.

भाच्याचा चेहरा पडला. त्याला वाटलं मी नावं ठेवतोय. मी नावं ठेवत नव्हतो. माझ्या आजीच्या गोधडीत कुठलं लुगडं कुठं संपलं हे कोणाला सांगता आलं नाही. गिलमोरचाही टाका दिसत नाही. पण पुण्याच्या माणसाला गोधडीचं मोठेपण समजावण्यापेक्षा संगणक समजून घेणं सोपं, म्हणून मी विषय बदलला.

"यादीत आपलं कोणीच नाही?"

"मामा, रॉकची यादी आहे."

घ्या! जन्मभर बालाघाटाच्या डोंगरात राहिलेल्या माणसाला दगडाची यादी पुण्याहून यावी! मी पान जमवलं आणि त्याला 1981 साली घेऊन गेलो.

सुभाष रोडला तेव्हा एक कॅसेट भरून द्यायचं दुकान होतं. आपण कोरी कॅसेट आणि गाण्यांची यादी द्यायची, आणि दुकानदार आठवड्याभरानं कॅसेट भरून द्यायचा. त्यात आपण लिहिलेली सहा गाणी आणि त्याला आवडलेली सहा असत. दुकानाच्या फळीवर संध्याकाळी आमची बैठक भरे. एक घड्याळजी, एक टायपिंगच्या क्लासचे मालक, एक संगीतशिक्षक आणि मी. चौघांत मिळून चहा दोन कप, मतं मात्र प्रत्येकी दीड.

संगीतशिक्षक गिटारीला वाद्यच मानायला तयार नव्हते. गिटार म्हणजे त्यांच्या लेखी चिंच खाणाऱ्या पोरीच्या हातातली फणी. पण 1967 साली पंडित शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया यांच्याबरोबर ब्रिजभूषण काब्रा यांनी 'कॉल ऑफ द व्हॅली' या रेकॉर्डमध्ये गिटार वाजवली होती. मांडीवर आडवी घेऊन, वरून लोखंडी नळी फिरवत, रागदारी. घड्याळजीनं ती रेकॉर्ड कुठूनशी कॅसेटवर उतरवून आणली आणि एका संध्याकाळी काही न बोलता लावली. संगीतशिक्षक डोळे मिटून सगळी ऐकून उठले. "वीणा आहे ती," एवढंच म्हणाले आणि आठ दिवस आले नाहीत.

एरवी गिटार म्हणजे आम्हाला रेडिओवरची. व्हॅन शिपले, हजारासिंग, सुनील गांगुली ही नावं आम्ही ऐकली होती, कारण ही माणसं सिनेमाच्या चाली गिटारीवर वाजवत आणि रेडिओवर बातम्यांच्या आधी दोन मिनिटं उरली की निवेदक ती लावत. बातम्या सुरू झाल्या की गिटार जिथं असेल तिथं कापली जाई. मुखडा पुरा ऐकला आणि अंतरा राहून गेला अशा किती चाली माझ्या पोटात आहेत.

वाद पेटला तो मात्र सिनेमातल्या गिटारीवरून. घड्याळजीचं मत होतं की 'यादों की बारात'मधली झीनत अमानची गिटार सर्वश्रेष्ठ. 1973चा सिनेमा. त्या गाण्यात आधी पेल्यावर किणकिण होते आणि मागून गिटार येते. ऐकणाऱ्याला वाटतं आपल्याच घरात कोणी पाहुणं आलं. मी ऋषी कपूरच्या बाजूचा. 1980 साली 'कर्ज' आला होता, आणि त्यातली गिटारीची धून साऱ्या गावात शिट्टीवर फिरत होती. माझा मुद्दा सरळ होता. इतर सिनेमांत गिटार काढून टाकली तर गाणं लंगडं होईल. 'कर्ज'मध्ये काढून टाकली तर सिनेमाच होणार नाही. ती धून वाजली की नायकाला मागचा जन्म दिसायला लागतो. कामिनीनं केलेला खून उघडकीला येतो तो त्या धुनेपायी. पोलीस, वकील, साक्षीदार ही सगळी मंडळी घरी, आणि सारा तपास गिटारीच्या सहा तारांवर. मधल्या म्युझिकला एवढं मोठं काम तोवर कोणी दिलं नव्हतं.

टायपिंगवाल्यांचं म्हणणं, दोन्ही खोट्या, कारण दोन्ही गिटारींना वायर नाही. सिनेमातल्या नायकाची विजेची गिटार बागेत, बोटीत, डोंगरावर कुठंही बिनवायरीची वाजते हे त्यांचं निरीक्षण. बीडमध्ये ज्या हिशेबानं वीज जायची तो बघता मला ती सोय वाटे, पण त्यांना ती फसवणूक वाटे.

तर झीनत की ऋषी, यावरून घड्याळजी आणि मी सहा महिने बोललो नाही. माझं घड्याळ त्याच्याकडे दुरुस्तीला होतं. तेही सहा महिने बंद.

भाचा हे सगळं तोंडाला हात लावून ऐकत होता. हसू लपवत असावा. मग म्हणाला, "पण मामा, झीनत अमाननं कुठं वाजवली? आणि ऋषी कपूरनं तरी?"

इथं मला थांबावं लागलं. कारण हाच प्रश्न 1981 साली चौघांपैकी एकालाही पडला नव्हता. गाणं लताबाईंचं, आशाबाईंचं, रफीचं. संगीत पंचमचं, लक्ष्मी-प्यारेचं. आणि गिटार झीनतची! गाणारीचा गळा पडद्यावरच्या बाईचा नसतो हे शेंबड्या पोराला माहीत होतं, पण बोटं कोणाची हे विचारावं असं वाटलं नाही. गळ्याचंही कुठं लवकर सुचलं होतं? 1949च्या 'महल'मधल्या लताबाईंच्या त्या गाजलेल्या गाण्याच्या रेकॉर्डवर गाणारीचं नाव छापलं होतं 'कामिनी', म्हणजे मधुबालानं केलेल्या पात्राचं. ('महल'ची कामिनी, 'कर्ज'ची कामिनी. आपल्या सिनेमात भानगड करायची तर नाव ठरलेलं दिसतं.) लताबाईंनी भांडून आपलं नाव मिळवलं. गिटारवाल्यांसाठी कोण भांडणार?

'यादों की बारात'मधली ती गिटार भूपिंदरसिंगची. होय, तोच गझलवाला भूपिंदर. 1964च्या 'हकीकत'मध्ये गायलेला, 'मौसम' आणि 'घरौंदा'तला तो जड, थकल्या पावलांचा आवाज. त्याच्या कॅसेटी त्याच दुकानात भरून घेऊन आम्ही त्याच फळीवर बसून ऐकत होतो, आणि गिटार झीनतची म्हणून डोकी फोडत होतो. 'दम मारो दम'मधली, 'शोले'मधल्या डाकूंच्या नाचातलीही त्याचीच. 2022च्या जुलैत तो गेला, तेव्हा वर्तमानपत्रांनी 'ज्येष्ठ गायक' म्हणून लिहिलं आणि गिटारीला खाली दोन ओळी दिल्या.

आणि माझ्या ऋषी कपूरची बोटं निघाली गोरख शर्मांची. हे प्यारेलालजींचे भाऊ. वडील रामप्रसाद शर्मा ट्रम्पेट वाजवणारे. मला हे नाव कळलं 2018 साली, ते गेल्यावर. 'कर्ज' लागून अडतीस वर्षं झाली होती. ज्याच्यासाठी मी सहा महिने घड्याळाविना काढले त्याचं नाव मला मृत्यूच्या बातमीत कळावं! त्या दिवशी घड्याळजीला सांगायला जावं असं फार वाटलं, पण तो त्याच्या आधीच गेला होता.

"ती धून पण मूळची जॉर्ज बेन्सनची आहे," भाचा हळूच म्हणाला. "'वी ॲज लव्ह.' 1978."

त्यानं वाजवून दाखवली. होती. नाही कशाला म्हणू? मनाला लागलंच. पण बेन्सनच्या गाण्यात ती मखमलीवर बसलीय, थंड हवा खातेय. गोरख शर्मांनी तिला उठवून खुनाच्या तपासाला लावलं. चाल उसनी असेल, पण कामाला लावणारा हात उसना नव्हता. हे मी जरा चढ्या आवाजात म्हणालो, आणि वर भाच्याला ऐकवलं, की तुम्हा लोकांना साता समुद्रापलीकडचे फेल्डर-वॉल्श पाठ, आणि घरचा गोरख शर्मा माहीत नाही.

भाचा शांतपणे म्हणाला, "आमच्या यादीत बीटल्सचं एक आहे. 'व्हाइल माय गिटार जेंटली वीप्स', 1968. गाणं जॉर्ज हॅरिसनचं, पण त्यात गिटार वाजवलीय एरिक क्लॅप्टननं. रेकॉर्डवर त्याचं नाव छापलं नव्हतं."

"मग तुला कसं कळलं?"

"लोकांनी विचारलं ना, मामा."

लोकांनी विचारलं! अहो, या तीन शब्दांवर मी पुढे बोलूच शकलो नाही. बरं झालं, तेवढ्यात शेजाऱ्यांकडून वरात निघाल्याचं बोलावणं आलं.

शेजाऱ्यांनी डीजे न सांगता बेंजो पार्टी सांगितली होती. ज्यांना बेंजो माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. ही मूळची जपानी बाई. 1912 साली नागोया गावच्या गोरो मोरिता नावाच्या माणसानं टाइपरायटरच्या धर्तीवर पट्ट्या बसवून एक तंतुवाद्य काढलं. ते आपल्याकडे बुलबुलतरंग म्हणून आलं, आणि मग कोणीतरी त्याला विजेची वायर जोडून वरातीत उभं केलं. आमचे टायपिंगवाले बेंजोला टाइपरायटरची मावसबहीण म्हणत आणि तिच्याकडे जरा आपुलकीनं बघत. हातगाडीवर भोंगे, मागे जनरेटर, बाजूला ढोल-ताशा आणि पुढे गळ्यात बेंजो अडकवलेला पंचविशीचा पोरगा. या गिटारीला वायर होती. टायपिंगवाले हवे होते.

माळीवेशीच्या अलीकडे समोरून दुसरी वरात आली आणि दोन्ही अडकल्या. पोरगा वाजवायचा थांबला, एका दुकानाच्या पायरीला टेकला. नवऱ्या मुलाचे मित्र दम खात होते. मी भाच्याला म्हटलं, "चल. आता खरा परीक्षक दाखवतो."

भाच्यानं मोबाइल त्याच्या कानाशी धरला. आधी गिलमोर. पोरगा दुसऱ्या कानावर हात ठेवून ऐकत राहिला. जनरेटर धडधडत होता. बऱ्याच वेळानं म्हणाला, "ह्यो मानूस घाईत न्हाई, सर. आमाला दर चौकात घाई असती."

मग जिमी पेज. ऐकता ऐकता त्याची बोटं पट्ट्यांवर मुक्यानं फिरायला लागली. "ह्यो नुसता जिना चढायलाय. वर कायतरी दिसायलंय त्याला." भाच्यानं माझ्याकडे बघितलं. त्या गाण्याच्या नावात जिना आहे, आणि या पोराला मोबाइलवरचं इंग्रजी वाचता येत नव्हतं, हे मी शपथेवर सांगतो.

शेवटी 'हॉटेल कॅलिफोर्निया'. दोन गिटारी सुरू झाल्या तसा तो एकदम हसला. "ही दोगं हायत. एक थांबला की दुसरा धरायलाय. जोडीचा कोयता हाय ह्यो."

भाच्याला कळलं नाही. ऊसतोडीला आमच्याकडून जोडपी जातात, आणि नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. एकटा गेला तर तो अर्धा कोयता. एक तोडतो, दुसरी मोळी बांधते, आणि दोघांच्या हातांत एक लय असावी लागते. नाहीतर गाडी भरत नाही. फेल्डर आणि वॉल्श यांच्यावर अमेरिकेत पुष्कळ छापून आलं असेल. हे आलं नसणार.

"यातली थोर कुठली?" भाच्यानं विचारलं.

पोरगा उठला. समोरची वरात हलायला लागली होती. "त्ये मला काय कळतंय? माजी ही हाय," म्हणाला, आणि त्यानं 'कर्ज'ची धून धरली. पट्ट्यांवर मींड निघत नाही असं संगीतशिक्षक सांगायचे. पोरानं ती कुठून काढली कोण जाणे, पण मखमलीवरची नव्हे, तपासाला लागलेली धून होती ती. नवऱ्याचे मित्र नाचायचे थांबले. दुसऱ्या वरातीचा बेंजोवाला आपलं वाजवणं थांबवून ऐकू लागला. माझ्या हिशेबी परीक्षा तिथंच झाली. भाच्यानं मोबाइल खिशात घातला.

धून संपल्यावर मी त्याला म्हणालो, "हे मूळ कोणी वाजवलंय माहीत आहे का?"

"ऋषी कपूरनं."

मी त्याला गोरख शर्मा हे नाव सांगितलं. त्यानं ते दोनदा म्हणून बघितलं. मी खूश झालो, आणि त्या खुशीत माझ्या लक्षात आलं की गेली चार वर्षं आमच्या गल्लीतल्या दर लग्नात, दर गणपतीत हा पोरगा वाजवतोय आणि आम्ही सगळे त्याला 'ए बेंजो' म्हणून हाक मारतो. मीही.

"तुझं नाव काय रे?"

"कामून विचारायलात, सर?"

"मी लिहीत असतो. या वाजवण्यावर लिहीन म्हणतो, तर तुझं नाव घालीन."

त्यानं नाव सांगितलं. आडनाव, गाव, तालुकाही सांगितला. मी खिशातल्या पत्रिकेच्या मागे लिहून घेतलं. वरात पुढे निघाली. दहा पावलं गेल्यावर तो गळ्यातली बेंजो सावरत, वायर ओढत मागे पळत आला.

"सर, नाव तेवढं छापू नका बगा. मुकादमाकडून उचल घेतलीय औंदा. पाठीत उसण भरलीय म्हनून सांगून ऱ्हायलोय मी हितं."